चर्चचा पसारा आटला, काम वाढले

'तुमचं चर्च कोणतं?' असे वसईच्या ख्रिस्ती माणसाला विचारले की पूर्वी एका शब्दाच्या उत्तरात त्याचा सगळा पत्ता कळायचा. निर्मळ, सांडोर, पापडी, नंदाखाल किंवा आगाशी असे नाव आले की त्याचे गाव कळे, शेजारपाजार कळे, शाळा कोणती असेल याचा अंदाज येई आणि शेवटी माती कुठे मिळणार हेही ठरलेले असे. धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली सगळी कॅथलिक कुटुंबे, हीच तिथली खरी वस्ती होती. आज त्याच प्रश्नाचे उत्तर लांबते. बाप्तिस्मा एका चर्चमध्ये झालेला असतो, फ्लॅट दुसऱ्या चर्चच्या हद्दीत असतो, नोकरीच्या वेळा सांभाळून रविवारची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, तिसरीकडे गाठली जाते आणि मुलगी कॅनडात चौथ्याच चर्चमध्ये जाते.

युरोप-अमेरिकेत या बदलाची चर्चा बहुधा रिकाम्या बाकांवरून होते. गॅलपच्या पाहणीत १९९९ साली सुमारे ७० टक्के अमेरिकन प्रौढांनी आपण कुठल्या ना कुठल्या चर्चचे, सिनेगॉगचे किंवा मशिदीचे सभासद आहोत असे सांगितले होते. २०२० मध्ये हे प्रमाण ४७ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रातले चित्र निराळे आहे. २०११ च्या जनगणनेत इथे १० लाख ८० हजार ख्रिस्ती होते, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहून थोडे कमी. संख्येने लहान असलेला समाज आपली एकत्र येण्याची जागा सहसा सोडत नाही. नाताळला आणि पुनरुत्थानाच्या सणाला आपल्याकडची चर्चे आजही भरून वाहतात. म्हणून आपल्याकडचा बदल डोकी मोजून हाती लागत नाही. चर्चकडे पूर्वी कोणती कामे होती, त्यातली कोणती बाहेर गेली आणि उरलेली आता कोण करते, हे तपासले की तो दिसू लागतो.

सगळा संसार चर्चच्या आवारात

वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. राज्यकर्ते गेले, पण ख्रिस्ती झालेली स्थानिक कुटुंबे आपला धर्म सांभाळून त्याच वाड्यांत राहिली. केळी, पानवेली, भात आणि भाजीपाला हा त्यांचा व्यवसाय, सामवेदी किंवा वाडवळी ही घरातली बोली. राजाश्रय संपलेल्या या समाजाला एकत्र बांधणारा धागा चर्च हाच राहिला.

या धाग्याला किती ओढ होती, हे एका उदाहरणावरून कळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सावकाराच्या कर्जात अडकलेला शेतकरी वसईतही होता. १९१८ मध्ये मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी पुढाकार घेऊन एक सहकारी पतसंस्था काढली. तीच पुढे बेसिन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. सहकारी पतपेढी चालते ती एका गोष्टीवर: कर्ज मागणारा माणूस कसा आहे, तो फेडील की नाही आणि त्याच्यामागे कोण उभे राहील, हे सभासदांना आधीच ठाऊक असावे लागते. धर्मग्रामाला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. कोणाच्या वाडीला पाणी आहे, कोणाच्या घरात आजारपण आहे, कोण दिलेला शब्द पाळतो, या माहितीवर पतसंस्था उभी राहिली. प्रार्थनेसाठी जमणारा समुदाय पैशाच्या व्यवहारातही एकमेकांचा जामीन झाला.

देशावरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांची, म्हणजे तिथल्या चर्चच्या समुदायांची, वाट वेगळी होती. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ पासून अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे त्यांचे मोठे केंद्र झाले. राहुरी, वडाळा, शिरूर, सोलापूर अशी ठाणी त्यांनी पुढे उभी केली. इथे ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजातली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. गावाची आधीचीच उपेक्षा आणि वर धर्मांतराचा राग, अशा कात्रीत सापडलेल्या माणसाला मिशन कंपाउंड हाच आसरा होता. शाळा तिथे, बोर्डिंग तिथे, दवाखाना तिथे आणि पुष्कळदा नोकरीही तिथेच. पाळकसाहेब रविवारी उपदेश करत, आठवडाभर लोकांचे अर्ज लिहून देत, भांडणे मिटवत आणि मुलांना पुढच्या शिक्षणासाठी नगरला धाडत. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना राहुरी आणि नगरचे हे मंडळीजीवन त्याच्या माणसांसकट डोळ्यांसमोर उभे राहते.

या मंडळ्यांनी आणि मिशनांनी जे उभारले ते समाजाच्या हद्दीत मावणारे नव्हते. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरला सुरू झाले. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभे केले. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले. डॉ. बी. पी. हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज काढले. ज्या काळात सरकारी दवाखाना कोसकोस दूर होता आणि मुलींची शाळा विरळा होती, त्या काळात चर्चने हा भार उचलला, ही मराठी समाजाने कृतज्ञतेने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

पण याच व्यवस्थेतला दोष आतल्याच एका माणसाने ओळखला. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अनेक वर्षे मिशनमध्ये काम केले. सगळे काही मिशनकडून मिळत राहिले तर ख्रिस्ती माणूस कायमचा आश्रित राहील आणि आपल्याच देशात परका होईल, हे त्यांना जाचू लागले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून तिथे एकत्र बसावेत, ही त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार रुजायचा राहून गेला. मात्र त्यामागचा प्रश्न आजही ताजा आहे. समुदाय कुंपणाने टिकतो की नात्याने?

वहीतला समास

जुना समुदाय कसा चालत असे, हे पाहायचे तर चर्चच्या कचेरीतली बाप्तिस्म्याची नोंदवही उघडावी. एका ओळीत बाळाचे नाव, जन्माची आणि बाप्तिस्म्याची तारीख, आईवडील, राहण्याचे ठिकाण, धर्ममाता-धर्मपित्यांची नावे आणि संस्कार करणाऱ्या धर्मगुरूंची सही. ओळीच्या शेजारी मोकळी जागा सोडलेली असते. हेच माणूस पुढे लग्न करते तेव्हा, ते जगात कुठेही झाले तरी, तिथल्या चर्चने मूळ चर्चला कळवायचे आणि त्या जागेत लग्नाची नोंद करायची, असा कॅथलिक चर्चचा नियम आहे. कोणी धर्मगुरू झाला किंवा संन्यस्त व्रत घेतले, तर तेही तिथेच लिहितात. माणूस कितीही दूर गेला तरी त्याचे आयुष्य मूळ धर्मग्रामाच्या वहीत एका ओळीत गोळा होत राहते.

लग्नाआधी चर्चमध्ये वधूवरांची नावे जाहीर केली जात. हरकत असेल तर सांगा, असे सगळ्यांना आवाहन असे. त्यातली गर्भित समजूत ही की जमलेल्या माणसांना या दोघांची माहिती आहे. मोठ्या शहरातल्या चर्चमध्ये आज तीच नावे वाचली जातात, तेव्हा निम्म्या बाकांवर ती नावे कोणाची हे ठाऊक नसते. नियम जसाच्या तसा आहे, पण तो ज्या ओळखीवर उभा होता ती विरळ झाली आहे.

कामे एकेक करून बाहेर गेली

ही ओळख विरळ होण्याची कारणे श्रद्धेत कमी आणि व्यवहारात जास्त सापडतात. स्वातंत्र्यानंतर शाळा, दवाखाने आणि रस्ते ही सरकारची जबाबदारी झाली. १९६९ च्या कायद्याने देशभर जन्ममृत्यूची नोंदणी एकसारखी बंधनकारक झाली आणि जन्माचा पुरावा म्हणून बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर असलेला भर ओसरला. चर्चच्या शाळांत सर्व धर्मांची मुले आली, तेव्हा शाळा समाजाची न राहता शहराची झाली. वसईची बँकही वाढत गेली तशी सर्वांची झाली. परदेशी मिशनांचा निधी आटला, मिशनरी परतले आणि देशावरच्या मंडळ्यांना आपल्या पाळकाचा पगार आपल्याच वर्गणीतून भागवण्याची वेळ आली.

दुसरा बदल जमिनीने घडवला. मुंबई लोकलच्या रुळांवरून वसईत आली. वाड्यांच्या जागी इमारती झाल्या आणि विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली जे आंदोलन केले, त्यात हिंदू, ख्रिस्ती, मुस्लिम सगळे उतरले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक असलेला एक धर्मगुरू पाण्यासाठी आणि झाडांसाठी रस्त्यावर उभा राहिला आणि त्याच्यामागे धर्मग्राम चालू लागले. आपल्या सभासदांची काळजी घेण्याच्या पलीकडे, सगळ्या गावाच्या हितासाठी चर्चच्या समुदायाने काय करावे, याचा धडा त्या वर्षांनी घालून दिला. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी हेच दिब्रिटो बसले, त्यामागे ही पुण्याई होती.

तिसरा बदल चर्चच्या आतून आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळात, कॅथलिक चर्चचा चेहराच बदलला. लॅटिनमधली मिस्सा लोकांच्या भाषेत आली. वेदीकडे तोंड करून उभा राहणारा धर्मगुरू लोकांकडे वळला. चर्च म्हणजे धर्मगुरू ही समजूत मागे पडली आणि प्रापंचिकांनाही, म्हणजे धर्मगुरू किंवा संन्यस्त नसलेल्यांनाही, त्यात हक्काची जागा आहे हे अधिकृतपणे मांडले गेले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही वेगळ्या वाटेने हालचाल झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या परंपरांची चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट ही परदेशातून आलेली कुंपणे त्या दिवशी निदान कागदावर तरी उतरवली गेली.

दिवाणखान्यातले चर्च

हजारो माणसांच्या धर्मग्रामात प्रत्येकाला प्रत्येकाची ओळख कशी राहणार? या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईच्या कॅथलिक धर्मप्रांताने १९८० च्या दशकात अंगीकारले आणि वसईनेही तेच धरले. ते म्हणजे लघु ख्रिस्ती समूह. १९९० मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंग शहरात आशियातल्या बिशपांची परिषद भरली आणि आशियात चर्चची नवी घडण अशा छोट्या समूहांतूनच होईल, ही दिशा तिने ठरवली.

रचना साधी आहे. धर्मग्रामाचे छोटे छोटे विभाग पाडायचे, एका विभागात काही डझन कुटुंबे. ठरलेल्या संध्याकाळी त्यातल्या एका घरी जमायचे. टीपॉय बाजूला सरकवतात, सतरंज्या अंथरतात, एका स्टुलावर पांढरे कापड, त्यावर बायबल आणि मेणबत्ती. शुभवर्तमानाचा एक उतारा वाचला जातो. थोडी शांतता. मग ज्याला जो शब्द भिडला तो त्याने मोठ्याने म्हणायचा. त्यावर प्रवचन कोणी देत नाही, प्रत्येक जण आपल्या आयुष्याशी त्याचा धागा कुठे जुळतो तेवढे सांगतो. सात पायऱ्यांची ही पद्धत दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेत तयार झाली आणि आशियाभर पसरली. सगळ्यात मोलाची पायरी सहावी. 'मग आता आपण काय करायचं?' असे तिथे एकमेकांना विचारायचे असते. वरच्या मजल्यावरच्या आजींचे ऑपरेशन आहे, रात्री सोबत कोण राहील? कोपऱ्यावर भाड्याने राहायला आलेले कुटुंब अजून कोणाला ओळखत नाही, त्यांच्याकडे कोण जाईल? नावे ठरतात, चहा होतो आणि मंडळी घरोघर परततात.

चर्चच्या वेदीजवळ जिला कधी बोलायला मिळाले नव्हते, अशी बाई या बैठकीत शुभवर्तमानावर बोलते. कुटुंबांची यादी, आजाऱ्यांची खबर आणि नव्या भाडेकरूंची माहिती तिच्याकडे असते. धर्मग्रामाची जी माहिती पूर्वी फादरांच्या डोक्यात होती ती आता अनेक घरांत वाटली गेली आहे.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. येणाऱ्यांत बायका आणि वडीलधारी माणसे जास्त, कामावरून रात्री दहाला उतरणारे तरुण कमी. काही ठिकाणी बैठक जपमाळ म्हणून उरकली जाते आणि सहावी पायरी राहूनच जाते. शिवाय अधिकाराचा प्रश्न सुटलेला नाही. १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती सक्तीची केली, पण पॅरिश कौन्सिलचा, म्हणजे धर्मग्राम परिषदेचा, अधिकार सल्ल्यापुरता ठेवला. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्यांत पंच निवडून येतात, त्यामुळे सभासदांचा आवाज तिथे मोठा असतो आणि निवडणुकीबरोबर येणारी गटबाजीही. लोकांवर काम सोपवायचे तर निर्णयही सोपवावा लागतो. २०२१ ते २०२४ या काळात पोप फ्रान्सिस यांनी चालवलेल्या सिनॉडची, म्हणजे चर्चच्या विचारविनिमय परिषदेची, सुरुवात धर्मग्रामांतल्या चर्चेपासून झाली आणि ऑक्टोबर २०२३ च्या रोममधल्या सत्रात स्त्रियांना आणि प्रापंचिकांना प्रथमच मतदानाचा अधिकार मिळाला, तो याच दिशेने.

दारे बंद होती तेव्हा

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि चर्चच्या समुदायाची सर्वांत कठीण परीक्षा सुरू झाली. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण लोकांनी मोबाइलच्या पडद्यावर साजरा केला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. मधल्या आठ महिन्यांत धर्मगुरू रिकाम्या चर्चमध्ये कॅमेऱ्यासमोर मिस्सा करत होते आणि पाळक झूमवर उपासना घेत होते.

त्या काळाने दोन गोष्टी वेगवेगळ्या करून दाखवल्या. उपदेश, गायन आणि वाचन पडद्यावरून पोहोचू शकते. आखातातला मुलगा, न्यूझीलंडमधली नात गावच्या सणाची मिस्सा तिकडे बसून पाहू लागली आणि ही सोय आता कायमची झाली आहे. परदेशातल्या नातेवाइकांसाठी अंत्यविधीही थेट दाखवले जातात. पण कोरोनात घरातले माणूस गेले आणि वीसच माणसांना अंत्यविधीला परवानगी होती, तेव्हा काय हरपले हे प्रत्येक घराला उमजले. आपल्याकडे मयताच्या घरी माणसे नुसती येऊन बसतात. कोणी काही बोलत नाही, शेजारणी चहा-पेजेचे पाहतात, संध्याकाळी प्रार्थना होते. त्या बसण्याला पडद्यावर पर्याय सापडला नाही. आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, तर प्रत्यक्षच घ्यावे लागते.

उरलेले काम

म्हणून चर्चच्या समुदायाचे महत्त्व कमी झाले, हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. कर्ज बँक देते, दाखला महानगरपालिका देते, शिक्षण कुठेही मिळते. चर्चशिवाय अडणारी कामे कमी झाली, हे खरे. पण शिल्लक राहिलेले काम दुसरी कुठलीही संस्था करत नाही: माणसाला त्याच्या नावाने ओळखणे आणि तो एकटा पडला की त्याच्या दारात जाणे. या कामाची गरज मात्र वाढत चालली आहे. वसईत, वांद्र्यात आणि पुण्यात मुले परदेशी असलेली म्हातारी जोडपी मोठ्या घरांत एकटी राहतात. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर घेऊन जाणारा प्रापंचिक सेवक त्यांच्याकडे नियमाने येतो. संस्कार पाच-दहा मिनिटांचा असतो, बोलणे अर्धा तास चालते. औषधे संपली आहेत, गीझर बिघडला आहे, मुलाचा फोन आलेला नाही, हे त्याला कळते. १८३३ मध्ये पॅरिसच्या काही विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या आपल्याकडच्या शाखाही याच पद्धतीने चालतात. सभासद जोडीने गरजूंच्या घरी जातात आणि मदत गुप्त ठेवतात.

नगर भागातल्या मंडळ्यांमध्ये हंगामाचा सण असतो तेव्हा हेच नाते वेगळ्या रूपात दिसते. लोक बाजरीची पोती, ज्वारीची कणसे, कोहळे, कोंबड्या, अंडी वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर आवारात लिलाव होतो. एका म्हातारीने आणलेल्या चार अंड्यांची बोली बाजारभावाच्या कितीतरी पट चढते. बोली लावणाऱ्याला अंड्यांची किंमत ठाऊक असते. म्हातारीने ती आणली, याची तो किंमत देत असतो. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मुले या दिवसासाठी गावी येतात, कारण या आवारात ती कोणाची कोण आहेत हे सांगावे लागत नाही.

जन्माने, जमिनीने आणि गरजेने मिळणारा समुदाय संपत आला आहे. यापुढचा समुदाय ठरवून, वेळ देऊन बांधावा लागेल. कित्येक तरुण आज मोठ्या शहरांत आपल्या आवडीची मंडळी निवडतात. कुठे गायन चांगले, कुठे उपदेश मनाला भिडणारा. त्यात गैर काही नाही. पण निवडलेल्या जागी आपण फक्त ऐकणारे राहिलो तर आपल्याला तिथे कोणी ओळखत नाही, आणि आपणही कोणाच्या दारात जात नाही.

चर्चच्या कारभाऱ्यांनीही आपला हिशेब बदलायला हवा. इमारतीचा जीर्णोद्धार, सणाची रोषणाई आणि मंडपाचा खर्च दरवर्षी वाढतो. भाड्याने राहणारे कुटुंब, झारखंडहून आलेली घरकामवाली ख्रिस्ती मुलगी, घटस्फोटित बाई, लग्नच न केलेला पुरुष यांची नावे बहुतेक याद्यांत नसतात, कारण यादी जुन्या घरांची असते. धर्मांतरित दलित कुटुंबांना कित्येक मंडळ्यांत अजून जातीवरून ओळखले जाते, आणि ते ख्रिस्ताच्या नावाने जमणाऱ्यांना शोभत नाही. टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी कुंपणाबद्दल घेतलेली शंका इथे अजून उत्तर मागते. ज्या धर्मग्रामाला आणि मंडळीला पुढची शंभर वर्षे जगायचे आहे, त्यांनी या वर्षीच्या बैठकीत एक साधा विषय घ्यावा: आपल्या हद्दीत राहणाऱ्या कोणत्या माणसाला आपण अजून ओळखत नाही? यादी करावी, नावे वाटून घ्यावीत आणि जाऊन यावे. एवढ्याला परवानगी लागत नाही आणि निधीही लागत नाही.